पिढ्यान्‌पिढ्या चालणारा कौटुंबिक आरोग्य-अभ्यास: आखणी, मोजमाप आणि नोंदी

समजा, वडिलांचा पंचेचाळिसाव्या वर्षीचा वरचा रक्तदाब १४८ नोंदलेला आहे आणि मुलाचा, तोही पंचेचाळिसाव्या वर्षीच, १३२. पिढी सुधारली असं म्हणायचं का? वडिलांचं माप पाऱ्याच्या यंत्रावर, एकदाच आणि खोलीत आल्या आल्या घेतलेलं. मुलाचं इलेक्ट्रॉनिक यंत्रावर, पाच मिनिटं शांत बसवून, तीनदा. वर मुलाला दोन वर्षांपासून गोळी चालू. सोळा अंकांच्या या फरकात पिढीचा वाटा किती, यंत्राचा किती आणि गोळीचा किती, हे त्या त्या वेळी टिपून ठेवलं नसेल तर पुढे कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ आणला तरी त्याला सांगता येणार नाही.

कौटुंबिक दीर्घकालीन अभ्यासाची खरी अडचण ही आहे. पिढी बदलते तेव्हा यंत्रं, औषधं, निदानाच्या व्याख्या, प्रयोगशाळा, मोजणारी माणसं हे सगळं तिच्याबरोबरच बदलतं. त्यात वय, जन्मसाल आणि मोजणीचं साल यांपैकी दोन ठरली की तिसरं आपोआप ठरतं, म्हणून तिघांचे परिणाम केवळ आकडेमोडीने सुटे करता येत नाहीत. ते सुटे राहतील अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून करावी लागते. अशा अभ्यासाची आखणी म्हणजे मुख्यतः हीच व्यवस्था, असं माझं मत आहे.

कुटुंब नेमकं कुठून धरायचं

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली, आधीच चालू असलेल्या अभ्यासाला पुढची पिढी जोडणं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा हृदयविकाराचा अभ्यास १९४८ मध्ये ५,२०९ प्रौढांवर सुरू झाला. त्यांची मुलं आणि मुलांचे जोडीदार असे ५,१२४ जण १९७१ मध्ये आले आणि तिसऱ्या पिढीतले ४,०९५ जण २००२ पासून. दुसरी वाट गरोदरपणापासून सुरुवात करण्याची. ब्रिटनमधल्या एव्हॉन भागातला अभ्यास १९९१-९२ मधल्या १४,५४१ गरोदरपणांपासून सुरू झाला आणि त्या मुलांची मुलं २०१२ पासून त्यात येऊ लागली. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेला माता-पोषण अभ्यास आणखी एक पाऊल मागे गेला: गर्भधारणेच्या आधीच स्त्रियांची मापं घेतली आणि दर महिन्याला पाळीची तारीख नोंदली, त्यामुळे गर्भाचं वय आठवणीवर सोडावं लागलं नाही. तिसरी वाट एकदम तीन पिढ्या धरण्याची. नेदरलँड्सच्या उत्तर भागातल्या ‘लाइफलाइन्स’ने आधी २५ ते ५० वयाचे लोक घेतले, मग त्यांच्यामार्फत आईवडील, जोडीदार आणि मुलं, २००६ ते २०१३ या काळात १,६७,००० हून अधिक माणसं जमली.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तिसरी वाट सुचवेन. तीन पिढ्या एकाच साली, एकाच यंत्रावर मोजल्या जातात, म्हणजे यंत्राचा फरक पहिल्या फेरीपुरता तरी मिटतो. तोटा असा की आजी-आजोबांची पिढी म्हणजे तोवर जगलेल्यांचीच पिढी. सत्तराव्या वर्षी नाव घातलेला माणूस साठीत वारलेल्या त्याच्या भावाचं प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून माणसं किती वर्षं जगली याचं विश्लेषण करताना काळ अभ्यासात आल्यापासून न मोजता वयावर मोजायचा, आणि ती व्यक्ती अमुक वयापासून पुढेच आपल्या नजरेत होती हे गणितात सांगायचं. त्याचबरोबर, न आलेल्या आणि वारलेल्या नातेवाइकांची यादी पहिल्याच भेटीत घ्यायची: जन्मसाल, मृत्यूचं साल, कारण ठाऊक असेल तर कारण. पुढच्या फेरीपर्यंत हे सांगणारी माणसं कमी झालेली असतात.

पहिल्या दोन वाटांवर एक सापळा हमखास लागतो. पुढची पिढी जन्मेल तशी घेत गेलात तर पहिल्या दहा वर्षांत तरुणपणीच आईबाप झालेल्यांचीच मुलं हाती येतात. लवकर मूल होणाऱ्यांचं शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान हे बाकीच्यांपेक्षा बऱ्याचदा वेगळं असतं. या पहिल्या तुकडीवरून ‘तिसरी पिढी’ अशी आहे असा निष्कर्ष काढला तर तो वीस वर्षांनी उलटू शकतो. लेख आताच लिहायचा असेल तर आईबापांच्या वयानुसार वर्गवारी करून लिहावा. थांबता आलं तर त्याहून बरं.

कुटुंब एखाद्या रुग्णामुळे निवडलं असेल तर तो रुग्ण कोण, हे त्याच्या नोंदीत स्वतंत्र खूण करून ठेवलंच पाहिजे. रुग्ण असल्यामुळेच ते घर आलं, त्यामुळे त्या घरातलं आजाराचं प्रमाण मुळातच फुगलेलं असतं. ती खूण नसेल तर दुरुस्ती करायला धागाच उरत नाही.

जोडीदारांना घ्यायला कंटाळू नका. आप्तता-गुणांक म्हणजे दोघांकडून सहज म्हणून एकेक जनुक उचललं तर ते एकाच पूर्वजाकडून आलेलं असण्याची शक्यता. आईवडील आणि मूल यांचा तो १/४, सख्ख्या भावंडांचाही १/४, आई किंवा वडील एकच असलेल्या सावत्र भावंडांचा आणि आजोबा-नातवाचा १/८, चुलत-मावस भावंडांचा १/१६. नवराबायकोचा सहसा शून्य. म्हणजे नवराबायकोत जे साम्य दिसतं त्यात रक्ताचा भाग नाही. ते एका छपराखाली राहण्यातून आलेलं असतं किंवा मुळात आपल्यासारखाच जोडीदार निवडण्यातून. घराचा परिणाम आणि रक्ताचा परिणाम यांत फरक करायला याहून स्वस्त साधन नाही. वडील आणखी एका कामाला येतात. गरोदरपणातल्या आईच्या धूम्रपानाचा बाळावर गर्भाशयातून परिणाम होतो का, हे पाहताना वडिलांचं धूम्रपानही त्याच गणितात घालायचं. दोघांच्या धूम्रपानाचा मुलाशी संबंध सारखाच दिसला, तर कारण गर्भाशयात नसून घरात किंवा परिस्थितीत असण्याची शक्यता जास्त. वडिलांची माहिती आईला विचारून भरलेली असेल तर ही तुलना लंगडी पडते, म्हणून वडिलांना स्वतंत्र प्रश्नावली द्यायची.

‘तिसऱ्या पिढीत परिणाम उतरला’ असं म्हणण्याची घाई बऱ्याच ठिकाणी दिसते. गरोदर स्त्रीला उपासमार झाली तर तिच्या पोटातला गर्भ त्या झळीत सापडतो आणि त्या गर्भातल्या बीजपेशीही. त्या बीजपेशींतून पुढे जन्मणारं नातवंड हे थेट झळ लागलेलंच धरायचं. झळ न लागलेली पहिली पिढी म्हणजे पतवंडं. झळ गरोदर नसलेल्या व्यक्तीला, उदाहरणार्थ आजोबांना लागली असेल तर नातवंडांपासून मोजता येतं. आईच्या बाजूचा असा प्रश्न तुमच्या मनात असेल तर तीन पिढ्यांचा अभ्यास त्याला अपुरा आहे. हे अर्ज लिहितानाच मान्य केलेलं बरं.

किती माणसं

एका घरातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे चार हजार माणसं म्हणजे चार हजार स्वतंत्र मापं नव्हेत. सरासरी चार जणांचं कुटुंब आणि घरातल्या माणसांमधला सहसंबंध ०.२५ धरला, तर प्रसरणाचा गुणक, म्हणजे या साम्यामुळे अंदाजातली अनिश्चितता किती पट होते तो आकडा, १ + (४ − १) × ०.२५ = १.७५ येतो. चार हजारांचं वजन साधारण २,२८६ स्वतंत्र माणसांइतकं उरतं. सरासरी किंवा प्रमाण काढायचं असेल तर हा तोटा. आनुवंशिकता मोजायची असेल तर तेच साम्य म्हणजे तुमचा कच्चा माल. प्रश्न कोणता हे आधी ठरवा म्हणतात ते याचसाठी.

त्यानंतर गळती. दर फेरीला ५ टक्के माणसं गेली तर दहा फेऱ्यांनंतर ६० टक्के उरतात. २ टक्के गेली तर ८२ टक्के. हे झालं सुट्या माणसांचं. आई, वडील आणि मूल असं त्रिकूट लागत असेल आणि प्रत्येकाची हजेरी ७० टक्के असेल, तर तिघंही असलेली घरं, हजेरी एकमेकांवर अवलंबून नाही असं धरल्यास, फक्त ३४ टक्के. प्रत्यक्षात घरं एकत्र येतात आणि एकत्रच जातात, म्हणून आकडा जरा बरा निघतो. पण मग गळतीही घराच्या घर होते आणि अडचणीतली घरं आधी जातात. अपेक्षित संख्या काढताना गणित माणसांवर न करता त्रिकुटांवर करा.

मोठ्या आकड्यांची भूल पडू देऊ नका. अमेरिकेत राष्ट्रीय बाल-अभ्यासाने १,००,००० मुलांना जन्माआधीपासून प्रौढ होईपर्यंत पाहायचं ठरवलं होतं. प्राथमिक टप्प्यातच दारोदार जाऊन नावं घालण्याची पद्धत फारच संथ आणि महाग ठरली, आराखडा पुन्हा पुन्हा बदलला आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो बंद झाला. त्याच्या शेजारी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास ठेवून पाहा: १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ बाळं, आणि ४५ व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला हजर. जगात कुठेही राहत असले तरी सहभागींना ड्युनेडिनला आणलं जातं, प्रवासाचा खर्च अभ्यास करतो. लहान आणि घट्ट धरलेला अभ्यास मोठ्या गळक्या अभ्यासापेक्षा जास्त काम करतो, आणि जास्त वर्षं करतो.

ओळख क्रमांक आणि नाती

क्रमांकात अर्थ कोंबण्याचा मोह फार होतो: पहिले दोन अंक गाव, पुढचे चार कुटुंब, मग पिढी, मग लिंग. पाच वर्षांत मुलगी लग्न करून अभ्यासातल्याच दुसऱ्या घरात जाते आणि तिचा क्रमांक खोटा पडतो. व्यक्तीचा क्रमांक निरर्थक, जन्मभर एकच आणि शेवटी पडताळा-अंक असलेला असावा, म्हणजे हाताने लिहिताना दोन आकडे उलटेपालटे झाले तर संगणक लगेच अडवतो.

नाती वेगळ्या तक्त्यात. एका ओळीत एक नातं: कोण, कोणाचं, कुठल्या प्रकारचं, कधीपासून, कधीपर्यंत, कोणी सांगितलं. जन्मदाते, कायद्याने पालक आणि प्रत्यक्ष वाढवणारे हे तीन प्रकार सुटे ठेवा. दत्तक, सावत्र, घटस्फोट, पुनर्विवाह हे सगळं त्यातच बसतं. घर म्हणजे कोण कोणाबरोबर राहतं याचा तक्ता आणखी वेगळा, तोही तारखांसकट. कुटुंब हे रक्ताचं, घर हे छपराचं. दोन्ही एकाच रकान्यात घातले की जोडीदारांबद्दल वर जे म्हटलं ते सगळं वाया गेलं. जनुकीय विश्लेषणाच्या नेहमीच्या फायलीला कुटुंब, व्यक्ती, वडील, आई, लिंग असे रकाने लागतात. ती फाईल या तक्त्यांतून हवी तेव्हा काढायची, तिलाच मूळ नोंद करायचं नाही.

जनुकीय तपासणी केली की सांगितलेली नाती आणि दिसणारी नाती ताडून पाहता येतात. बहुतेक विसंगती नमुन्यांच्या अदलाबदलीतून निघतात. म्हणून आधी लिंग जुळतं का ते पाहा, मग त्याच दिवशी, त्याच डब्यात कोणते नमुने शेजारी होते ते पाहा. तरीही काही ठिकाणी वडील जैविक वडील नसतात हे समोर येतंच. ही माहिती कुणालाही कळवायची नाही, ती कुणी पाहायची, विश्लेषणात ते नातं कसं धरायचं, हे पहिला नमुना घेण्याआधी लेखी ठरलेलं असावं आणि संमतीपत्रात साध्या शब्दांत आलेलं असावं. विसंगती सापडल्यावर बैठक बोलावणं म्हणजे तेवढ्या माणसांना ते कळवणंच.

संमती एकाची, परिणाम सगळ्यांवर

कर्त्या माणसाने ‘आमचं सगळं घर येईल’ म्हटलं तरी सही प्रत्येकाची, प्रत्येकाला एकट्याला गाठून. सासू समोर असताना सून गर्भपाताबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, आणि दिलं तर ते खरं असेलच असं नाही. मुलांसाठी पालकांची संमती आणि समजतं वय झाल्यावर मुलाचा स्वतःचा होकार. सज्ञान होताच नवी, स्वतंत्र संमती. यासाठी वाढदिवसाच्या सहा महिने आधी संगणकाने यादी काढून द्यावी. नाहीतर वर्षभर उशीर होतो आणि तेवढ्या काळात झालेल्या वापराला आधारच राहत नाही. मुलाने नकार दिला तर लहानपणीच्या माहितीचं काय करायचं, हेही आधीच लिहिलेलं हवं.

बाहेर पडण्याचे तीन दर्जे ठेवा: यापुढे संपर्क नको, संपर्क नको पण रुग्णालयाच्या आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडणी चालेल, सगळं थांबवा आणि उरलेले नमुने नष्ट करा. फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय दिले तर कंटाळलेला माणूस, ज्याला खरं तर फोन नको असतात एवढंच, तो सगळंच काढून घेतो. पूर्ण माघार घेतली तरी आधीच प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून माहिती बाहेर काढता येत नाही, हेही पत्रातच सांगा.

तपासणीच्या दिवशी काही गंभीर सापडलं तर काय करायचं, याचे उंबरठे आकड्यांत लिहा. रक्तदाब १८०/१२० किंवा वर गेला की पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचा, तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ‘खूप जास्त वाटल्यास कळवावे’ या वाक्यावर दोन कर्मचारी दोन वेगळ्या गोष्टी करतात.

मोजमाप

सगळ्यात जास्त शिस्त इथे लागते आणि सगळ्यात जास्त सूट इथेच दिली जाते. रक्तदाबाचंच घ्या. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, पाच मिनिटं गप्प. दंडाचा घेर मोजून पट्टा निवडायचा: आतल्या हवेच्या पिशवीची लांबी घेराच्या ८० टक्के, रुंदी ४० टक्के. पट्टा लहान पडला तर आकडा फुगतो, आणि नव्या पिढीचे दंड जाड असतील तर त्या फुगवट्याचा ‘पिढीचा परिणाम’ होऊन बसतो. एकेक मिनिटाच्या अंतराने तीन मापं. तिन्ही नोंदायची, सरासरी नंतर संगणकात. कर्मचाऱ्याने मनात सरासरी काढून एकच आकडा लिहिला की ती तिन्ही मापं कायमची गेली. पट्ट्याचा आकार, यंत्राचा अनुक्रमांक, मोजणाऱ्याचा क्रमांक, वेळ आणि खोलीचं तापमान हेही त्याच ओळीत. थंडीत रक्तदाब चढतो. आजोबा डिसेंबरात आणि नातू मे महिन्यात आला तर ऋतूच वंशातून उतरल्यासारखा दिसेल. शक्य तर एक घर त्याच ऋतूत आणि एकाच आठवड्यात मोजा.

पाऱ्याच्या यंत्रावर दोनदोनच्या खुणा असल्याने शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी प्रत्येकी साधारण २० टक्के वेळा यायला हवा. दर महिन्याला प्रत्येक मोजणाऱ्याचा शेवटचा अंक मोजा. कुणाचे ४० टक्के आकडे शून्यावर संपत असतील तर तो अंदाजे लिहितोय. इलेक्ट्रॉनिक यंत्रावर हीच कसोटी दहादहा टक्क्यांची.

उंची दोन वर्षांपर्यंत झोपवून, पुढे उभं करून. त्याच मुलाची झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून नोंदीत ‘झोपून’ की ‘उभं’ हे हवंच. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर. ‘बेंबीपाशी’ मोजणारे वेगळा आकडा आणतात. दर तीन महिन्यांनी वीसेक जणांना दोन मोजणाऱ्यांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावं. दोन मापांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज, तिला माणसांच्या दुपटीने भागून वर्गमूळ: ही झाली मोजणीची तांत्रिक चूक. ती वाढू लागली की प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं.

यंत्र कधी ना कधी बदलावंच लागतं. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे पाऱ्याच्या रक्तदाब-यंत्रांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत बंद करायची होती, तेव्हा दशकं चाललेल्या अभ्यासांना बदल टाळता येणार नव्हता. बदलाचा नियम एकच: जुनं यंत्र टाकण्याआधी किमान १०० ते २०० माणसांवर दोन्ही यंत्रं चालवायची. आधी कोणतं हे चिठ्ठी टाकून, आणि माणसं कमी, मध्यम, जास्त अशा सगळ्या रक्तदाबांची. नुसता सरासरी फरक पुरत नाही. फरक वरच्या टोकाला वाढतो का, हे दोन्ही यंत्रांच्या मापांच्या सरासरीसमोर त्यांतल्या फरकाचा आलेख काढून पाहायचं. आणि नवं यंत्र नवी पिढी दाखल होण्याच्या मुहूर्तावर आणायचं नाही. खरेदी विभागाला हाच मुहूर्त नेमका आवडतो, कारण नवा निधी तेव्हाच मिळतो.

व्याख्यांचंही असंच. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटीच्या साखरेचा मधुमेहाचा उंबरठा १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० केली. ‘मधुमेह: हो’ एवढंच साठवलं असेल तर वडिलांचा ‘हो’ आणि मुलाचा ‘हो’ एकसारखे नाहीत. कच्चा आकडा, त्याचं एकक, प्रयोगशाळेची पद्धत आणि तपासणीच्या रसायन-संचाचा क्रमांक साठवा. निदान नंतर हव्या त्या व्याख्येने काढता येतं.

औषधं विचारू नका, पाहा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि नाव, मात्रा, दिवसाला किती हे पट्टीवरून उतरवा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याच्या वरच्या आकड्यात १० ते १५ मिळवून विश्लेषण करण्याची रीत आहे. ती ढोबळ आहे, पण गोळी घेणाऱ्यांना सरळ वगळण्यापेक्षा किंवा औषध नसल्यासारखं धरण्यापेक्षा कितीतरी बरी. प्रश्नावलीच्या बाबतीत एवढंच: प्रश्नाचा शब्द बदलला की तो नवा प्रश्न, त्याला नवा क्रमांक.

रक्त आणि फ्रीझर

न वेगळ्या केलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. फ्लोराइडची नळी हे थांबवते खरी, पण पहिला तास-दोन तास ती फारशी चालत नाही, म्हणून नळी बर्फात ठेवून लवकर फिरवायची, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. गावातलं शिबिर आणि शहरातलं केंद्र यांत प्रवासाच्या वेळेचा फरक असेल तर साखरेतही फरक दिसेल. रक्त काढल्याची, फिरवल्याची आणि गोठवल्याची अशा तीन वेळा नोंदा.

प्रत्येकी अर्ध्या मिलिलिटरच्या आठ नळ्या धरल्या तर चार हजार माणसांच्या ३२,००० नळ्या होतात, म्हणजे ८१ नळ्यांचे जवळपास ४०० डबे, एका फेरीचे. एकच मोठी नळी ठेवून दर वेळी वितळवण्यापेक्षा हे परवडतं, कारण वितळणं-गोठणं काही घटकांना मारतं. किती वेळा वितळली याची मोजणी नळीच्याच नोंदीत. चार नळ्या एका इमारतीत, चार दुसऱ्या. दोन्हीकडे उणे ८० अंश सेल्सियस. एक फ्रीझर रिकामा पण चालू ठेवायचा, बिघाड झाला की हलवायला. धोक्याची घंटा फोनवर येते का, हे सुट्टीच्या रात्री मुद्दाम दार उघडं ठेवून तपासा. उणे ८० अंशांत टिकणारी लेबलं वेगळी मिळतात. साधा स्टिकर गळून पडतो आणि मग सगळ्या नळ्या सारख्याच.

नमुने साठवण्यातही पिढी आणि काळ चिकटतात: आईचं रक्त तीस वर्षं गोठलेलं, मुलीचं दोन. यावर उपाय म्हणून पहिल्याच फेरीत अनेकांचं रक्त एकत्र करून शेकडो नियंत्रण-नळ्या भरून ठेवाव्यात आणि दर फेरीला, दर तुकडीत त्यांतल्या काही चालवाव्यात. तपासणीच्या पद्धतीमुळे आकडे काळाबरोबर किती सरकले ते त्या सांगतात. मात्र त्या स्वतःही जुन्या होत जातात. म्हणून प्रत्येक फेरीत ताज्या रक्ताचा नवा साठा करून जुन्याबरोबर शेजारी शेजारी चालवायचा. आईमुलीची तुलना करायची असेल तेव्हा दोघींचे नमुने एकाच प्लेटवर, म्हणजे प्रयोगशाळेत एकदम तपासल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या ताटलीवर, क्रम चिठ्ठी टाकून.

माणसं टिकवणं

प्रत्येकाकडून वेगवेगळ्या घरांतले तीन पर्यायी संपर्क घ्या. कुटुंब-अभ्यासात लोक आळसाने बायकोचा नंबर नवऱ्याचा पर्याय म्हणून लिहितात; घर हललं की दोघंही एकदम हरवतात. तपासणी चार वर्षांनी असली तरी संपर्क वर्षातून दोनदा. फ्रेमिंगहॅममध्ये मुलांच्या पिढीच्या पहिल्या दोन तपासण्यांत आठ वर्षांचं अंतर पडलं होतं. एवढ्या काळात पत्ते तर बदलतातच, पण कोणता बदल कधी झाला हेही निसटतं. ‘सापडला नाही’ असं लिहिण्याआधी किमान सहा प्रयत्न, वेगवेगळ्या वारी आणि वेळी, त्यातला एक तरी सुट्टीच्या दिवशी. ‘आत्ता नको’ आणि ‘कधीच नको’ हे दोन वेगळे नकार आहेत, त्यांचे कोडही वेगळे. एका घरातला राग नात्यातल्या घराघरांत पसरतो: एका भावाला अहवाल वेळेवर मिळाला नाही तर चारही भाऊ येत नाहीत. तपासणीचा अहवाल दोन आठवड्यांत पोचवणं हा टिकवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि कार्डं-भेटवस्तूंच्या नादात नेमका तोच मागे पडतो.

नावं-पत्ते एका संगणकावर, आरोग्याची माहिती दुसऱ्यावर, दोघांना जोडणारी किल्ली तिसऱ्या माणसाकडे. मोठ्या वंशावळीचा नुसता आराखडा छापला तरी घर ओळखू येतं: सात मुली, जुळी, एकाच वर्षी तीन मृत्यू. प्रसिद्ध करताना भावंडांचा क्रम आणि लिंग झाका.

माहितीची निगा

आलेली कच्ची फाईल कधीच बदलायची नाही. दुरुस्ती वेगळ्या फायलीत, कारण आणि तारीख लिहून, आणि स्वच्छ प्रत प्रोग्रामने तयार करायची. रिकाम्या जागेची कारणं निराळी: विचारलं नाही, लागू नाही, नकार, माहीत नाही, यंत्र बंद. सगळ्यांना ९९९ दिलं की कधीतरी कुणीतरी वजनाच्या सरासरीत ते धरतं. साध्या मजकुराच्या फायली आणि त्यांच्याबरोबर रकान्यांचा अर्थ सांगणारा कोश ठेवा. एखाद्या कंपनीच्या खास स्वरूपातली फाईल वीस वर्षांनी उघडेलच याची खात्री नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून सगळं परत उभं करून पाहायचं, कारण न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखा. विश्लेषणासाठी दर वेळी गोठवलेली, आवृत्ती-क्रमांक असलेली प्रत द्या, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या लेखातला आकडा पुन्हा काढता येतो.

विश्लेषणाबद्दल इथे थोडंच. मिश्र प्रतिमानात, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या मापांसाठीच्या सांख्यिकी गणितात, आप्ततेचं कोष्टक (कोण कोणाचं किती जवळचं) आणि घराचं कोष्टक (कोण कोणाबरोबर राहतं) दोन्ही घाला. एकच घातलं तर दुसऱ्याचा वाटा ते ओढून घेतं. आईवडिलांच्या सरासरीवर मुलांचं माप आलेखात मांडलं तर त्या रेषेच्या उताराचा आकडा आनुवंशिकतेचा अंदाज देतो, एकाच पालकावर मांडलं तर त्याच्या निम्मा. पण एका घरात राहण्याचा परिणाम दोन्हींत मिसळलेला असतो. गळालेल्यांची उणीव भरून काढायला उरलेल्यांना भार देताना घराची गळती आणि माणसाची गळती अशी दोन पायऱ्यांत मांडा.

पुढच्या हातात देताना

निधी पाचेक वर्षांचा येतो, अभ्यास पन्नास वर्षांचा असतो. दोन निधींच्या मधल्या पोकळीत फ्रीझरची वीज, एक डेटा मॅनेजर आणि संपर्क ठेवणारी दोन माणसं एवढं चालू राहिलं तर अभ्यास जगतो; तपासणीची फेरी थांबली तरी चालते. म्हणून या तीन गोष्टींचा वर्षाचा खर्च वेगळा काढून ठेवा आणि तो संस्थेच्या कायम तरतुदीतून मिळवायचा प्रयत्न आधीपासून करा. प्रत्येक बदलाची तारीखवार वही ठेवा: कोणतं यंत्र कधी आलं, कुणी सोडून गेलं, प्रश्न कधी बदलला, प्रयोगशाळा का बदलली. प्रमुखाच्या डोक्यात राहिलेलं त्याच्या निवृत्तीबरोबर जातं, आणि तीस वर्षांच्या अभ्यासात किमान एकदा तरी प्रमुख बदलतोच. अभ्यास बंदच करावा लागला तर नमुने कुणाकडे जातील, किल्ली कुणी नष्ट करायची, सहभागींना कोण आणि किती दिवसांत कळवणार, हे नीतिशास्त्र समितीने मंजूर केलेल्या पहिल्याच आराखड्यात असावं. ती पानं दर पाच वर्षांनी काढून त्यातली माणसं अजून त्या पदांवर आहेत का ते पाहायचं. नसतील तर नावांऐवजी पदं घालून नव्याने सह्या घ्यायच्या.